साडेचार हजारांचा डीसी सप्लाय, नऊ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर नागपूरला बर्डीवर गेलो होतो तेव्हा ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय घेतला, म्हणजे व्होल्टेज आणि करंट आपल्याला हवा तेवढा बांधून देणारा डबा. साडेचार हजार रुपये. समोर डिस्प्ले आणि नॉब, मागे पंखा, बाकी काही नाही. आता पोळा तोंडावर आला. दारव्ह्यात माझं मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि डेड बोर्डाचं काम रोजचं आहे, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हाच डबा मी वेगवेगळ्या स्टिकरांखाली पाहिलाय.

आधी सप्लाय नव्हता तेव्हा शॉर्ट (लाइन थेट ग्राउंडला चिकटणं) कसा काढायचो ते सांगायला लाज वाटते. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या मेन लाइनवर वीस-पंचवीस कपॅसिटर समांतर बसलेले असतात. त्यातला एक फुटून शॉर्ट झाला की मल्टिमीटर सगळ्यांवर सारखाच बोंबलतो. मग हॉट गन घ्यायची, एक-एक काढायचा आणि पाहायचं. दहावा निघेपर्यंत बोर्डाची पार चाळणी. सप्लायनं हे थांबवलं. लाइनीत कमी व्होल्टेज आणि ठरावीक करंट सोडला की जो शॉर्ट असेल तोच तापतो, आपण फक्त शोधायचं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पीक विम्याची गर्दी, आणि सेतू केंद्रवाला पोरगा लॅपटॉप घेऊन आला. "भाऊ, रातच्यापर्यंत चांगलं होतं. सकाळी चार्जर लावलं तं चार्जरचाच लाइट गेला. आज संध्याकाळपर्यंत करून देजा, लोकं दारात बसले हायेत." शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरनं त्याला फोनवरच बोर्ड बदलायचे अठरा हजार सांगितले होते, लॅपटॉप न पाहता.

चार्जरचा लाइट गेला म्हटल्यावर अर्धं निदान तिथंच झालं. समोर शॉर्ट दिसला की अॅडॉप्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. बॅटरी काढली, बोर्ड बाहेर घेतला. चार्जिंग जॅकवर शॉर्ट नाही, पहिल्या मॉसफेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) पुढं आहे. तिथं मेन लाइनीवर R०१० लिहिलेला तो मोठा रेझिस्टर असतो ना, त्यावर प्रोब ठेवला तर पॉइंट तीन ओहम. प्रोबांचेच पॉइंट दोन वजा केले की उरलं जवळजवळ शून्य.

सप्लाय १ व्होल्टवर ठेवला, करंट १ अँपिअर. मायनस बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाला, प्लस त्या रेझिस्टरला. चालू करताच डिस्प्लेवरचं व्होल्टेज बसलं ०.१ वर. हे बसणं महत्त्वाचं आहे, पुढं सांगतो. हळूहळू करंट ४ पर्यंत नेला. आता कोण तापतंय?

इथं आपल्या भागाची एक अडचण आहे, जी व्हिडिओतले लोक सांगत नाहीत. ते बोर्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) टाकतात आणि जिथं आधी वाळतं तो पार्ट धरतात. मे महिन्यात दुकानात पंचेचाळीस अंश आणि बाजूला कूलर सुरू असताना आयपीए सगळीकडे एकदमच वाळतं. बोट लावून पाहावं तर सगळा बोर्डच कोमट. मी राळेवर आलो. सोल्डरिंगची तापलेली बिट राळेत बुडवायची आणि तो धूर बोर्डावर बसू द्यायचा. कपॅसिटरवर पिठासारखा पांढरा थर येतो. करंट सोडला की शॉर्ट पार्टवरची राळ वितळते आणि तेवढाच तुकडा काळा-तपकिरी उघडा पडतो. पण कूलर दोन मिनिटं बंद ठेवा, नाहीतर त्याच्या वाऱ्यानं पार्ट तापतच नाही.

त्या दिवशी चार्जिंग आयसीच्या बाजूचा, तिळाएवढा कपॅसिटर सहा-सात सेकंदांत उघडा पडला. काढला, लाइन किलोओहमवर गेली. भंगार बोर्डावरून त्याच मापाचा, २५ व्होल्टचा लावला. मग सप्लायच १९ व्होल्टवर नेऊन, करंट दीड अँपिअरवर बांधून जॅकला दिला: स्टँडबायला ०.०२, बटण दाबल्यावर आकडा अर्ध्याच्या आसपास नाचायला लागला. आकडा नाचला की बोर्ड जिवंत आहे, एकाच ठिकाणी गोठला तर पुढं आणखी काहीतरी आहे. चार वाजता पोरगा लॅपटॉप घेऊन गेला, आठशे रुपयांत.

आता माझी चूक. फेब्रुवारीत एका बोर्डावर १९ व्होल्टची लाइन बीप देत होती. बीप आली म्हणजे शॉर्ट, असं धरलं. लाइनच १९ ची आहे तर ५ व्होल्टनं काय बिघडणार म्हणून सरळ ५ सोडले, करंट ३ वर. डिस्प्लेवर ५.०० तसंच, करंट १.२. खरा शॉर्ट असता तर व्होल्टेज एकच्या आसपास बसलं असतं. ते बसलं नाही आणि मी पाहत राहिलो. तापला कोण? प्रोसेसर. त्याच्या कॉइलवर (प्रोसेसरला करंट इथूनच जातो) बसलेला वरचा, १९ च्या लाइनीकडचा मॉसफेट आरपार शॉर्ट होता, म्हणजे १९ ची लाइन थेट प्रोसेसरला जोडलेली. त्याला लागतं एक व्होल्टच्या आसपास, मी पाच दिले. जुना बोर्ड शोधून बसवून दिला, सात हजार माझ्या खिशातून गेले.

बऱ्याच मीटरांची बीप तीस-पन्नास ओहमखाली सगळीकडे वाजते. त्या लाइनीवर चार ओहम होते, आणि प्रोसेसरच्या कॉइलवर चार ओहम ही तब्येतीची खूण आहे, रोगाची नाही. तेव्हापासून बीप ऐकतो पण विश्वास आकड्यावर ठेवतो. आणि करंट सोडायच्या आधी १९ ची लाइन ते प्रत्येक कॉइल असं मोजतो. कुठं शून्याजवळ आलं तर तो मॉसफेट आधी उतरवतो, मगच सप्लाय. सुरुवात कायम १ व्होल्टपासून. रॅमच्या लाइनीवर तर त्याच्या वर जायचंच नाही, डीडीआर ४ ची ती लाइन मुळात १.२ ची असते.

सप्लायची गाऱ्हाणी पण ऐका. सोबत आलेल्या क्लिपच्या वायरी म्हणजे शुद्ध फसवणूक. लाल-काळ्या जाड दिसतात, आत तांबं सुतळीच्या एका धाग्याएवढं. दोन्ही मिळून पाव ओहम निघाल्या, त्यामुळे १ व्होल्टवर करंट ३ च्या वर जातच नव्हता. सगळी उष्णता बोर्डाऐवजी वायरीत. दीडशे रुपयांची जाड सिलिकॉन वायर आणून स्वतः क्लिपा लावल्या. हे पहिल्याच दिवशी करा. करंटचा नॉब पाचव्या महिन्यात उड्या मारायला लागला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर सुधारला. पंख्याचा आवाज गिरणीसारखा, पण गिऱ्हाइकावर छाप पडते.

सगळ्यात वाईट म्हणजे याला आउटपुटचं वेगळं बटण नाही. लाइट गेली, बोर्ड तसाच अडकवलेला राहिला आणि लाइट आली की करंट आपोआप सुरू. आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. एकदा मी चहाला गेलो आणि परत आलो तर टेबलावर जळका वास. नशीब, भंगार बोर्ड होता. आता लाइट गेली की पहिला हात क्लिपकडे जातो. पाच-सातशे जास्त लागले तरी आउटपुटचं बटण असलेलाच घ्या.

टाइप-सी वाल्या लॅपटॉपवर बोर्ड चालू करून पाहायला हा थेट उपयोगाचा नाही. त्यांना ५ व्होल्टवर आधी चार्जरशी बोलणी करून मग २० मिळतात, आणि या डब्याला बोलता येत नाही. शॉर्ट शोधायला मात्र तिथंही चालतो.

सध्या टेबलावर एक बोर्ड पडून आहे. पाच अँपिअर सोडले तरी राळ कुठंच वितळत नाही, इतका कमी ओहमचा शॉर्ट. करंट चालू ठेवून मीटर मिलिव्होल्टवर लावला आणि लाइनीवर एक-एक ठिकाणी मोजत गेलो. शॉर्टच्या जवळ आकडा कमी होत जातो. ११, ९, ६, आणि रॅमच्या स्लॉटखाली ४. आज स्लॉट उतरवणार आहे.