छोट्या हॅचबॅकला ट्रेलर हिच: अक्कलकोट रोडच्या फॅब्रिकेशनचा निवाडा

लोखंडकामाला पैकीच्या पैकी, वायरिंग काठावर पास. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एका वर्कशॉपने वॅगनआरच्या वर्गातल्या हॅचबॅकला बसवलेल्या हिचबद्दल, म्हणजे मागे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी सांगाड्याबद्दल, हे लिहीत आहोत. चादरी-टॉवेलचे गठ्ठे किंवा मांडवाचं सामान नेणारा, स्वतःचे ब्रेक नसलेला छोटा ट्रेलर ओढता यावा, एवढीच अपेक्षा होती.

सोलापुरात वेल्डिंगला चांगला हात असलेला माणूस शोधावा लागत नाही. अडचण वेगळीच आहे. ट्रॅक्टरच्या मागे बिडाचं जाडजूड घर असतं, त्याला हुक लावा, पिन टाका, विषय संपला. हॅचबॅकला तशी स्वतंत्र चेसीसच नसते. डिकीच्या तळाखालून दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी पत्र्याच्या पोकळ पेट्या जातात, सगळा ओढ त्यांनीच घ्यायचा. ट्रॅक्टरची सवय असलेला कारागीर त्या पेट्यांना थेट वेल्डिंग मारायला निघतो. तिथेच त्याला थांबवायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने पेटीच्या आतला जस्ताचा थर आणि रंग जळतो, गंज आतून लागतो आणि बाहेरून कळतही नाही. शिवाय पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते, सीएनजी गाडीत तर सिलिंडर डिकीतच. गाडीला जे लागेल ते नट-बोल्टनेच, ही अट या वर्कशॉपने कुरकुर न करता मान्य केली, त्याचे गुण द्यायलाच हवेत.

कुरकुर झाली ती वजनावरून. फॅब्रिकेशनचा हिशोब किलोवर असतो, त्यामुळे पहिला आराखडा १०० मिमी चॅनेल आणि १२ मिमी प्लेटचा निघाला. वजन २० किलोच्या घरात! शेवटी ५० बाय ५० बाय ५ मिमीचा चौकोनी पाईप आडवा, दोन्ही टोकांना ८ मिमीच्या लांब प्लेटा, असं ठरलं आणि सगळं मिळून १३-१४ किलोंत बसलं. मजबुतीत काही उणं नाही. हा आकडा का महत्त्वाचा, ते गणितानेच कळतं. बॉल, म्हणजे हिचच्या टोकाचा ट्रेलर अडकवायचा गोळा, मागच्या अॅक्सलपासून ९० सेंमी मागे आहे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४ मीटर, असं धरा. बॉलवर ५० किलो आले की पुढच्या चाकांवरचे सुमारे १९ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ६९ वाढतात. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे ओढणारी चाकंच हलकी होतात. हिचचं फुकटचं वजन याच खात्यात जमा होतं.

बसवण्याचं काम एका दिवसात होतं. मागचा बंपर काढायचा (चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालच्या प्लास्टिक क्लिपा, दोन-चार क्लिपा तुटतातच, नव्या आणून ठेवा). प्लेट जिथे टेकणार तिथलं अंडरकोटिंग खरवडून पत्रा उघडा करायचा. हा चिकट थर मध्ये राहिला तर तो हळूहळू दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. भोक पाडल्यावर कडेला झिंक प्रायमर, मगच बोल्ट.

सगळ्यात बारकाईने पाहायची गोष्ट मात्र पेटीच्या आत असते. आरपार बोल्ट घालून नुसताच आवळला तर पेटीच्या दोन भिंती एकमेकींकडे दबतात, ताण टिकत नाही, भोक लांबट होतं आणि ब्रेक दाबला की मागून ‘टक्’ असा आवाज यायला लागतो. म्हणून बोल्टभोवती पेटीच्या आतल्या रुंदीएवढा जाड पाईपचा तुकडा, म्हणजे बुश, हवाच. इथे तो लेथवर मापात कापून घातला, आतून ६ मिमीच्या प्लेटचे वॉशर लावले. बोल्ट ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचे, एम१२ (१२ मिमी जाडीचे), नायलॉक (आतल्या नायलॉनमुळे सहज ढिला न होणाऱ्या) नटसह, डोक्यावर ८.८ कोरलेलं पाहून घ्या. एम१२ आवळायला साधारण ८० न्यूटन-मीटरचा जोर पुरतो. कमी पडलं ते इथे: वर्कशॉपमध्ये टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) नव्हता, पान्याला पाईप लावून आवळणं चाललं होतं. स्वतःचा रेंच घेऊन जा. पहिल्या १०० किमीनंतर पुन्हा एकदा तपासणी हवी.

बॉल लेथवर वळवून देतो म्हणाले, तर नको म्हणा. साध्या शाफ्टचा बॉल लवकर झिजतो. ५० मिमीचा फोर्ज केलेला बॉल तयार मिळतो. फ्लँजवाला (बोल्टसाठी चपटी पट्टी असलेला) घेतलात तर दोन एम१६ बोल्ट, भोकांमधलं अंतर ९० मिमी. २ इंची बॉल ५०.८ मिमीचा असतो. वरवर सारखाच दिसतो, पण ५० मिमीचा कपलर (ट्रेलरच्या तोंडाची, बॉलवर बसणारी वाटी) त्यावर नीट बसत नाही. उलट २ इंची कपलर ५० च्या बॉलवर खुळखुळतो आणि खड्ड्यात उचकटू शकतो. झिजून ४९ मिमीवर आला की बदला. सायलेन्सर आणि हिच यांत किमान २५ मिमी जागा सोडा, आणि बॉल नंबरप्लेटच्या आड येता कामा नये.

आता वायरिंग. वर्कशॉपने बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने टेललाइटच्या वायरी सोलून पीळ घातला आणि वर काळी टेप. सोलापूरच्या मे महिन्यात त्या टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, हे सांगायला नको. ट्रेलरचे दोन २१ वॅटचे ब्रेकबल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. आजच्या गाड्यांमध्ये दिवे कंट्रोल मॉड्यूलवर चालतात. हा भार ते दोष समजून दिवाच बंद करू शकतं. गाडीच्या वायरीने फक्त रिले (विजेने चालणारा स्विच) चालवायचा आणि ट्रेलरला वीज बॅटरीवरून, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून द्यायची, हेच बरोबर. सात पिनांच्या सॉकेटमध्ये १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ (वीज परत जायची वायर), ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. २ नंबर मागच्या फॉगलाइटचा, तो रिकामा राहिला तरी चालेल. अर्थसाठी बॉलवर विसंबू नका. बॉलला ग्रीस असतं. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणले तर दोष नक्की अर्थमध्ये.

ओझ्याबद्दल: सुमारे ८५० किलोच्या गाडीमागे मालासकट ४०० किलोंच्या वर जाऊ नका. त्यातले ५ ते ७ टक्के, म्हणजे २० ते २८ किलो बॉलवर यायला हवेत. घरातल्या वजनकाट्यावर ट्रेलरचं तोंड टेकवून मोजता येतं. माल मागे गेला आणि तोंड हलकं झालं की हैदराबाद रोडवर ट्रेलर नागमोडी व्हायला लागतो.

कागदपत्रांचा विचार काम द्यायच्या आधीच करा. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा, ट्रेलर ओढू नये असं त्यात असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. २०१७ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन क्रॅश गार्डवर (बंपरपुढच्या लोखंडी कठड्यांवर) कारवाईचे आदेश निघाले होते. ट्रेलर हाही कायद्याने मोटार वाहनच, त्याला स्वतःची नोंदणी लागते. वर्कशॉपवाले ‘ट्रॉलीला कोण विचारतंय’ म्हणतात. एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या, आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे मात्र लेखी विचारून घ्या, कारण मागून धडक बसली तर कडक हिचमुळे धक्का बंपरऐवजी थेट त्या दोन पेट्यांवर जातो, आणि दुरुस्तीचं बिल त्यावरूनच अडतं.