इंटरनेटवरची ऑफिस फोन यंत्रणा: मे महिन्यात बसवली, ऑक्टोबर छाटणीत कस लागला

सांगलीत आमचं ठिबकचं साहित्य आणि फवारणीच्या ब्लोअरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मागे ऑफिस, आणि गोडाऊन कुपवाड एमआयडीसीत. जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारा बोर्ड, उतरवून मे महिन्यात सगळे फोन इंटरनेट प्रोटोकॉलवर नेले. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीची सगळी धावपळ आता त्यावर काढून झाली आहे. मत आधीच सांगतो: पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच यंत्रणा घेईन. पण ती घेणाऱ्याने फोनच्या मॉडेलांची तुलना करण्यात वेळ घालवू नये. या कामात त्रास होतो तो फोनच्या खाली जे असतं त्याचा, म्हणजे राउटर, वायरिंग आणि वीज यांचा.

आमच्या धंद्यात फोनला फार महत्त्व आहे. द्राक्षबागायतदार ई-मेल करत बसत नाही. औषध टाकीत कालवून झालेलं असतं, पंपाचा डायफ्राम फाटतो, आणि त्याला एवढंच विचारायचं असतं की तुमच्याकडे भाग आहे का, लगेच निघू का. तो कॉल लागला नाही किंवा आवाज गेला नाही, तर त्याची फवारणी अर्धवट राहते. म्हणून हे सगळं इतक्या तपशिलात लिहितोय.

रचना साधी आहे. एका छोट्या पीसीवर फ्रीपीबीएक्स, म्हणजे ईपीएबीएक्सचं काम करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या आत चालतं ते ॲस्टेरिस्क, मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. बाहेरच्या लाइनसाठी ऑपरेटरची एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलवरून एकाच वेळी अनेक कॉल नेणारी लाइन, तीही ऑपरेटरने ओढून दिलेल्या स्वतंत्र फायबरवर. कामकाजाचं ब्रॉडबँड वेगळं. टेबलावरचे सगळे फोन केबलवर आहेत, वाय-फायवर एकही नाही. स्विच पीओई घेतला, म्हणजे फोनला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. ८०२.३एएफ मानकात प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटपर्यंत सोय असते आणि साधा फोन त्याच्या निम्मीही घेत नाही. फायदा असा की एका स्विचला यूपीएस दिला की सगळे फोन सुरू राहतात, टेबलाटेबलावर अडॅप्टर लटकत नाहीत.

फोन नोंदवणं, एक्स्टेन्शन (अंतर्गत नंबर) देणं, रिंग ग्रुप (एकदम वाजणाऱ्या फोनांचा गट) बांधणं हे एका बैठकीत होतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा पहिल्या बाहेरच्या कॉलपासून सुरू झाली.

फोन वाजायचा, उचलला की समोरच्याचा आवाज आम्हाला स्वच्छ यायचा, पण तिकडून, “अहो, तुमचा आवाजच येईना झालाय की!” इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते. कॉल जुळवणारे निरोप, म्हणजे एसआयपी, आणि प्रत्यक्ष आवाज, म्हणजे आरटीपी, हे दोन वेगळे प्रवाह आहेत. फोन वाजला म्हणजे पहिला पोहोचला, एवढंच सिद्ध होतं. आमच्या पीसीला दोन नेटवर्क कार्डं आहेत, एक ट्रंकच्या फायबरला आणि एक ऑफिसच्या नेटवर्कला. ऑपरेटरने निरोपांसाठीचा पत्ता कागदावर दिला होता, आवाजाच्या सर्व्हरच्या पत्त्यांची रेंज वेगळी असते हे दिलं नव्हतं. त्या रेंजचा मार्ग लिहिलेला नसल्यामुळे आमचा आवाज डिफॉल्ट वाटेने, म्हणजे ब्रॉडबँडकडे, निघून जात होता. एसएनग्रेप हे साधन लावून कॉलमधले निरोप पाहिले की आवाज कुठल्या पत्त्यावर मागितलाय ते सरळ दिसतं. त्या रेंजसाठी एक स्थिर मार्ग लिहिला आणि प्रश्न तिथेच संपला. एकतर्फी आवाजाची तक्रार आली की फोन बदलू नका, हँडसेटची वायर बदलू नका. आवाजाची पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे, कुठल्या कार्डातून बाहेर पडतात ते आधी बघा.

दुसरा त्रास गोडाऊनचा. तिकडे कॉल दिला की बोलणं व्यवस्थित सुरू व्हायचं आणि अर्ध्या मिनिटात कट. घड्याळ लावून पाहिलं तर प्रत्येक वेळी ३२ सेकंद. हा आकडा दिसला की कारण जवळपास ठरलेलं असतं. फोन उचलल्यावर तो ‘उचलला’ असा निरोप पाठवतो आणि त्याला पोच यावी लागते. पोच आली नाही तर तो निरोप पुन:पुन्हा पाठवत राहतो, आणि एसआयपीच्या नियमातल्या ३२ सेकंदांच्या मर्यादेनंतर कॉल सोडून देतो. गोडाऊनच्या राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय कारखान्यातूनच चालू होती. मदत म्हणून ती निरोपातले पत्ते बदलते, आणि बदललेल्या पत्त्यावर पाठवलेली पोच फोनपर्यंत जात नाही. राउटर कुठलाही असो, ही सोय बंद करणं हे पहिलं काम समजा.

तेवढ्याने कट होणं थांबलं, पण गोडाऊनचं ब्रॉडबँड सीजीनॅटमागे आहे. म्हणजे तिथे स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नाही, तो इतर ग्राहकांबरोबर वाटलेला असतो, आणि काही वेळ शांत राहिलं की राउटरमधली वाट बुजते. मग गोडाऊनमधून बाहेर कॉल लागायचा, पण आत येणारा वाजायचा नाही. त्यावर आम्ही वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट, टाकला: ऑफिसला स्थिर आयपी, गोडाऊनच्या राउटरमधून ऑफिसकडे कायमची जोडणी, आणि ती जिवंत ठेवायला दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट. त्यानंतर तिकडचा फोन ऑफिसमधल्या टेबलावर असल्यासारखा वागतो. यातला आणखी मोठा फायदा सुरक्षेचा. ५०६० हे पोर्ट, म्हणजे एसआयपीचे निरोप आत येण्याचं नेहमीचं दार, इंटरनेटला उघडं ठेवलं की पासवर्ड चाचपणारे प्रोग्रॅम त्यावर येऊन आदळतातच. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१ असा कारभार असेल तर रात्रीत परदेशी कॉलचं बिल उभं राहू शकतं. आमचं पोर्ट बाहेरून बंद आहे, आंतरराष्ट्रीय कॉल ऑपरेटरकडूनच बंद करून घेतले आहेत. दुसऱ्या जागेवर ट्रंकचे कॉल न्यायचे असतील तर मात्र ऑपरेटरला आधी लेखी विचारून घ्या, परवान्याच्या अटी असतात.

आता आवाज तुटण्याबद्दल, कारण याविषयी चुकीचा सल्ला सर्रास मिळतो. “स्पीड वाढवून घ्या” हे उत्तर प्रत्येक जण देतो. हिशेब बघा. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत) आवाज ६४ केबीपीएस, पाकिटांचं वेष्टण धरून एका दिशेला साधारण ८७. दहा कॉल एकाच वेळी चालले तरी एक एमबीपीएस होत नाही. दुकानातून बोललं की स्वच्छ आणि गोडाऊनला लाइन दिली की संध्याकाळी शब्द गळतात, असं आमच्याकडे होत होतं. त्याच वेळी गोडाऊनच्या कॅमेऱ्यांचं चित्रण क्लाउडवर चढत असायचं. अपलोड भरून गेलं की आवाजाची पाकिटं राउटरच्या रांगेत अडकतात. उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलेल्या मोटारसायकलसारखं आहे हे, तिला रस्ता कितीसा लागतो, पण पुढे जायला वाट मिळायला हवी. आवाज एका दिशेने पोहोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा अशी आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, शिफारस आहे. अपलोड चालू असताना पिंग, म्हणजे पाकीट जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावलं तर आमच्याकडे उशीर त्याच्या कितीतरी पुढे जात होता. उपाय म्हणून राउटरमध्ये अपलोडला प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांची मर्यादा घातली, त्यावर एफक्यू-कोडेल ही रांग लावली, जी मोठ्या अपलोडमागे छोटी पाकिटं अडकू देत नाही, आणि कॅमेऱ्यांचं क्लाउडवर चढवणं मध्यरात्रीनंतर ठेवलं. प्लॅन तोच, बिल तेच, आवाज स्वच्छ. पाकिटांवर प्राधान्याचा शिक्का मारायची सोय फोनमध्ये असते, ती चालू ठेवा, पण तिचा उपयोग आपल्या स्विच-राउटरपुरता. बाहेरच्या इंटरनेटवर तो शिक्का सहसा कोणी पाहत नाही.

मिस्ड कॉलवर परत फोन लावताना एक वेगळीच अडचण आली. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो, आणि ट्रंकचा आमचा नंबर लँडलाइनच्याच प्रकारातला. फोनच्या यादीत मात्र ग्राहकाचा नुसता दहा आकडी नंबर दिसतो. तो निवडून बटण दाबलं की कॉल लागत नाही. बाहेर जाणाऱ्या कॉलच्या नियमात ‘६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असेल तर आधी शून्य लाव’ एवढी एक ओळ घातली. काउंटरवरच्या मंडळींना या यंत्रणेतली सगळ्यात आवडलेली सुधारणा विचारली तर ते हीच सांगतील.

स्वागताचा संदेश मराठीत, आमच्याच काउंटरवरच्या ताईंच्या आवाजात घेतला. फाईल आठ किलोहर्ट्झ, मोनो ठेवली की खरखर येत नाही. पर्याय दोनच: सुटे भाग आणि ठिबक. यापेक्षा लांब यादी ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. आमचे निम्मे जुने ग्राहक काहीच दाबत नाहीत, ते माणसाच्या आवाजाची वाट बघतात. म्हणून पाच सेकंदांनी कॉल आपोआप सगळ्या काउंटरवर वाजतो. तात्या-आण्णांना यंत्राशी बोलायला लावणं बरोबर नाही.

विजेबद्दल. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरवर तसं नाही. पीसी, स्विच, राउटर आणि ऑपरेटरचं भिंतीवरचं यंत्र, या चारही गोष्टी यूपीएसवर हव्यात. ते भिंतीवरचं यंत्र सगळे विसरतात. शिवाय ट्रंकच बंद पडली तर कॉल मोबाईलवर वळवण्याची सोय ऑपरेटरच्या टोकाला करून ठेवा, कारण तेव्हा आपला पीसी काहीच करू शकत नाही. पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर तुटली, तेव्हा दुकानाचा नंबर याच सोयीमुळे लागत राहिला.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. फिरतीवरच्या माणसाच्या मोबाईलवर कॉल वळवला की ट्रंकचे दोन चॅनेल अडतात, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. गर्दीच्या सकाळी ते जाणवतं. रेकॉर्डिंगमधून जुना कॉल शोधणं कंटाळवाणं आहे. जागा तशी फार लागत नाही, साध्या वेव्ह फाईलला मिनिटाला एक एमबीच्या आसपास. समोरच्याला रेकॉर्डिंग होतंय हे सांगायलाच हवं, आमच्या स्वागत संदेशात ते वाक्य आहे. आणि नेटवर्क समजणारा एक तरी माणूस हाकेच्या अंतरावर हवा. तो नसेल तर ऑपरेटरकडून चालवलेली क्लाउड सेवा घेतलेली बरी, महिन्याचा खर्च जास्त आला तरी.

ट्रंक घेण्याआधी ऑपरेटरकडून एवढं कागदावर घ्या: निरोपांचा पत्ता आणि आवाजाची पूर्ण रेंज, कोडेक कोणता (भारतात जी.७११चा ए-लॉ), बटणं दाबल्याचे संकेत कोणत्या पद्धतीने जातात (आरएफसी २८३३ किंवा ४७३३ असेल तर बँकेच्या फोन मेन्यूत आकडे नीट पोहोचतात), एकाच वेळी किती चॅनेल, लाइन बंद असताना कॉल कुठे वळेल, आणि रविवारी सकाळी तक्रार केली तर फोन कोण उचलेल. शेवटचा प्रश्न विचारताना त्या माणसाचा थेट नंबर मागा आणि सही करण्याआधी एका रविवारी तो लावून बघा.