जुनी एक्सपल्स घेताय? टाकी उतरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

सोलापुरात हिरोच्या एक्सपल्सला, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या बाइकला, जुन्या बाजारात सध्या चांगली मागणी आहे आणि विकायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या आधीच मॉडिफाय केलेल्या असतात. मी घेतलेली एक्सपल्स 200 तशीच होती. मोठा क्रॅश गार्ड, टाकीवर बॅग, हँडल उंच करणारे रायझर, मोठ्या गाठींचे नॉबी टायर, मागे लोखंडी कॅरिअर. जुन्या गाड्यांचा व्यापारी म्हणाला, "मालक, चाळीस हजाराचं सामान वरचंच आहे. तुम्हाला फुकटात पडतंय." मीटरवर रनिंग 14 हजार, कागदावर सिंगल ओनर.

डफरीन चौक ते सात रस्ता चालवून बघितली, गर्दीत काहीच जाणवलं नाही. व्यवहार झाल्यावर तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या पुढे वेग वाढवला, तर हँडल डावीकडे ओढायला लागलं. व्यापाऱ्याला फोन केला. "नॉबी टायरचं तसंच असतं, मालक." आवाज जास्त येतो म्हटलं, तर "सायलेन्सर बदललाय ना." बसायला तिरकं वाटतं म्हटलं, तर "रायझरमुळे." नॉबी टायर डांबरावर थोडा भटकतोच, त्यामुळे हे खोटं चटकन पकडता येत नाही. बाहेरून बसवलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक सबब तयार होती.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रीचाचांकडे गाडी नेली. त्यांनी बॅग काढली, गार्ड सोडवला, टाकी उतरवली. हँडलच्या खाली जिथे फ्रेमचे पाइप एकत्र येतात, तिथे काळा रंग बाकी फ्रेमपेक्षा जाड आणि चकचकीत होता. चाचांनी पेट्रोलचं फडकं फिरवलं, नख लावलं, तर पुट्टीची खपली निघाली. खाली ग्राइंडर मारलेलं वेल्डिंग. कंपनीच्या वेल्डिंगला एकसारखे खवले दिसतात, इथे नुसता ओबडधोबड गोळा होता. हँडल पूर्ण वळल्यावर अडतं तो लॉक स्टॉपरही एका बाजूने चेपलेला. चाचा म्हणाले, "ही गाडी समोरून बसलीय, मालक. हे वेल्डिंग खड्ड्यात सुटलं तर पुढचं चाक हातात येईल."

मीटरचं सांगायचं तर, अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला आणि शेवटच्या सर्व्हिसची नोंद 38 हजार किलोमीटरची निघाली. मीटरच बदललं होतं.

मला राग पैशांपेक्षा या वेल्डिंगचा आहे. मागे बायको किंवा पोरगं बसवून कुणी ही गाडी अक्कलकोटला नेली असती तर?

म्हणून घेण्याआधी टाकी उतरवायला लावाच. फार मोठं काम नाही; जो नाही म्हणतो त्याच्याकडून उठा. हायवेवर चालवून बघा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडा, सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर कर्जाचा बोजा आणि इन्शुरन्स बघा, सर्व्हिसच्या नोंदी काढा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि 30 घ्या. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागा. मूळ सायलेन्सर, आरसे, मडगार्ड हातात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत आणि कलम 182अ खाली मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड आहे. रस्त्यावर गाडी अडवली तर उत्तर आताच्या मालकालाच द्यावं लागतं.

स्टॅम्प पेपरवर "गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली" असं छापील वाक्य असतं. माझ्या व्यापाऱ्याने तेच पुढे केलं. त्याच्याखाली रनिंग, अपघात आणि वेल्डिंगबद्दल विकणाऱ्याकडून हाताने लिहून घ्या, मगच सही करा.

पोलिसांत अर्ज दिलाय, सर्व्हिसची नोंद आणि वेल्डिंगचे फोटो जोडलेत. ग्राहक आयोगाची तक्रार वकील तयार करतायत. परवा एका एजंटने सुचवलं, परत पुट्टी भरून पुण्याच्या गिऱ्हाइकाला काढून देतो. मी नाही म्हणून सांगितलं. गाडी चाचांच्या गॅरेजमध्ये टाकी काढून उभी आहे आणि निकाल लागेपर्यंत तशीच राहील.