घरात स्लेटची फरशी घातली, कुठं मस्त आणि कुठं नको ते सांगते

सांगलीत विश्रामबागला घराचं काम काढलं तेव्हा जो तो व्हिट्रिफाईड टाइल्सच घाला म्हणत होता, पण मला खरा दगड पाहिजे होता. शहाबाद, कडप्पा, कोटा आपल्या ओळखीचे, पण ते सगळे चुनखडीतले, लिंबू-चिंचेचं पाणी सांडलं नाहीतर संडास घासायचं अ‍ॅसिड पडलं की पॉलिश गेलंच, पांढरट डाग कायमचा. म्हणून स्लेट घेतली. व्हरांडा आणि बाथरूमला जशी निघते तशी खडबडीत, हॉलला होन केलेली म्हणजे वरनं घासून सपाट केलेली.

पूर्वी शाळेत दगडी पाटी असायची ना, तोच हा दगड. आंध्रातलं मार्कापूर त्या पाट्यांसाठीच नावाजलेलं. गाळाचा दगड जमिनीखाली दाब आणि उष्णतेनं बदलून हा होतो, त्यामुळं थराथरानं सुटतो आणि वरचा भाग मुळातच थोडा उंचसखल राहतो.

व्हरांड्याला याच्यासारखं काही नाही, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. आधीच्या गुळगुळीत फरशीवर पावसाळ्यात सासूबाई भिंत धरून चालायच्या, आता तुळशीला पाणी घालून ओल्या पायानं सरळ आत येतात. आणि ओली झाली की तिचा रंग असा काही उघडतो, राखाडीत हिरवट आणि मधेच तांबूस झाक, की बघत राहावं. बाथरूमलाही पाय घट्ट बसतो, फक्त मिस्त्रीकडनं उतार नीट काढून घ्या, नाहीतर खळग्यात पाणी साचतं आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार धरतो.

हॉलला मात्र खडबडीत अजिबात घालू नका. खुर्ची डुगडुगते, पोछा अडकतो, जमिनीवर मांडी घालून जेवायला बसलं की टोचतं. होन केलेली छान, उन्हाळ्यात दुपारी नुसती चटई टाकून पडता येतं. स्वयंपाकघरात कुठलीच नको हे माझं ठाम मत. सांगलीच्या घरात हळदीला काय तोटा, फोडणीचं तेल आणि हळद एकदा जॉइंटमधे गेली की निघत नाही.

आता घेताना. आम्हाला एका दुकानदारानं दाखवला एक नग आणि गाडीत आला भलताच माल, कुठं अर्धा इंच जाडी कुठं एक इंच, काही लाद्यांचे तर नखानं पापुद्रे निघत होते, सगळा परत पाठवला. म्हणून सँपलवर जाऊ नका, आलेल्या मालातल्या मधल्या चार-पाच लाद्या स्वतः काढून बघा. बोटाच्या पेरानं वाजवा, खणखणीत वाजली तर चांगली, बद्द आवाज आला तर आत चीर असणार. एक तुकडा रात्रभर पाण्यात अर्धा उभा ठेवा, सकाळी ओल पाण्याच्या वर बरीच चढलेली दिसली तर दगड पाणी पितोय, सोडून द्या. आणि लिंबू पिळून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, मग कोट्यानं काय वाईट केलं होतं. काळ्या स्लेटमधे सोनेरी चमकणारे ठिपके असतात ते दिसायला भारी, पण बऱ्याचदा ते लोखंडाचं खनिज असतं, पाणी लागून गंजाचे पिवळे डाग येतात, बाथरूमला तसला माल टाळा.

बसवताना मिस्त्री घाई करणार, त्याला आधीच सांगून ठेवा की लादीखाली सिमेंटचा माल पूर्ण भरायचा, पोकळ राहिली की वजन पडल्यावर तडकते. आणि जॉइंट भरायच्या आधी सीलरचा, म्हणजे दगडात पाणी आणि डाग मुरू न देणाऱ्या द्रवाचा, एक हात मारायचाच. नाहीतर सिमेंटचं पाणी दगडाच्या रेघांत जाऊन बसतं आणि सगळी फरशी पांढुरकी दिसते. जॉइंट पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. चकचकीत वार्निशवाला घेऊ नका, तो पायाखाली सोलतो, दगडात मुरणारा घ्या, आणि पाणी टाकल्यावर थेंब उभा राहायचा बंद झाला की परत मारा. रोजच्याला साधं पाणी आणि थोडा साबण, अ‍ॅसिड इथंही नको, जॉइंट खातं.

सांगलीच्या गावभागात किंवा जिथं २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी घरात आलं तिथल्यांनी तळमजल्याला खडबडीतचा विचार सोडा, रेघांतला कृष्णेचा गाळ काढता काढता जीव जाईल.

मोजणीपेक्षा दहा-पंधरा टक्के माल जास्तच मागवा आणि उरलेल्या लाद्या जपून ठेवा, पुढच्या लॉटचा रंग आधीच्याशी जुळत नाही.