चहासोबत काय लावावं: गुचिन, शाकुहाची, साझ की ग्नावा?

मावसभावाने दिवाळीत छोटा ब्लूटूथ स्पीकर घेतला आणि मला विचारलं, "तू ते चहा पिणाऱ्या देशांचं संगीत ऐकतोस ना, मी कुठून सुरू करू?" मी त्याला देश सांगितला नाही, उलट दोन प्रश्न विचारले. चहाला किती वेळ बसतोस? आणि तेव्हा आजूबाजूला आवाज किती असतो? आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला खरा फरक इथेच पडतो. थ्रेशर सुरू असताना चिनी वाद्य लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आधी गुचिन. सात तारांचं हे चिनी वाद्य मेजावर आडवं ठेवून वाजवतात. त्याला पडदे नसतात, बोट कुठे टेकवायचं ते दाखवायला शिंपल्याचे तेरा ठिपके असतात. आवाज मुळातच बारीक. मैफलीपेक्षा स्वतःसाठी आणि एखाद्या मित्रासाठी वाजवायचं वाद्य आहे ते. तार छेडली की बोट तिच्यावरून घसरत जातं. स्वर विरतो, तरी बोटाची घासट मागे उरते. मला आवडते ती हीच घासट. आपल्या मींडेची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर ग्वान पिंगहू यांचं गुचिन आहे आणि आपल्या केसरबाई केरकरही आहेत. ग्वान यांची ती रचना साडेसात मिनिटांच्या आसपास चालते, म्हणजे एक कप कोरा चहा सावकाश संपेपर्यंत.

पण स्पीकरवर गुचिन लावू नका. खालचे स्वर त्या डबीतून निघतच नाहीत. इयरफोन हवा आणि शांतता हवी. मला ती शांतता ओलिताच्या दिवसांत मिळते. रात्रपाळीची लाईन यायची असते, मी विहिरीजवळ थर्मास घेऊन बसलेलो असतो, आणि कुत्रंही भुंकत नसतं. लाईन आली, मोटर सुरू झाली, पाईपने पहिली गुळणी टाकली, की गुचिन बंद.

शाकुहाची ही जपानची बांबूची बासरी, आपल्या बासरीसारखी आडवी नव्हे, उभी धरायची. लांबी एक शाकू आठ सुन, म्हणजे साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर. नावही त्यावरूनच पडलं. पूर्वी फुके पंथाचे भिक्षू डोक्यावर टोपलीसारखी टोपी ओढून, चेहरा झाकून ती वाजवत फिरत. १८७१ मध्ये सरकारने तो पंथच बंद केला. हिचा आवाज श्वासाने भरलेला आणि खणखणीत, त्यामुळे छोट्या स्पीकरवर ती गुचिनपेक्षा कितीतरी चांगली वाजते. अडचण घरच्यांची. मी ओट्यावर लावली तर आई आतून म्हणाली, "कोन मेलं रे बाप्पा?" जपानी चहाविधीत मुळात संगीत वाजवतच नाहीत. किटलीतल्या पाण्याच्या आवाजाला ते पाइनमधून वाहणारा वारा म्हणतात. आधणाचा आवाज आपल्या घरीही फुकट आहे, तेव्हा निव्वळ चहासाठी शाकुहाची घ्यायची गरज नाही.

रोजच्या दहा मिनिटांच्या चहाला तुर्कस्तान सगळ्यात सोयीचं. तिथे माणशी चहा जगात सर्वाधिक पितात, तोही कोरा आणि काचेच्या छोट्या पेल्यात. लांब मानेचा, तारा छेडून वाजवायचा साझ स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतो आणि गाणी चार-पाच मिनिटांत आटोपतात. लहानपणीच दृष्टी गेलेले आशिक वेसेल (१८९४-१९७३) यांच्यापासून सुरुवात करा. एक माणूस, एक साझ, थोडा घोगरा आवाज. आमच्याकडे खंजिरीवर भजन ऐकलेल्याला हा बाज समजावून सांगावा लागत नाही. चहाचे मळे असलेल्या रिझेकडची तीन तारांची, गजाने वाजवायची 'केमेंचे' मात्र अंगावर येते. सात मात्रांची ताल, तीही धावती, चहा सांडेल.

बैठक असेल तर गोष्ट वेगळी. मोरोक्कोत हिरवा चहा, पुदिना आणि भरपूर साखर, आणि सोबतीला ग्नावा: उंटाच्या कातड्याची तीन तारांची गेंब्री आणि हातात धरून वाजवायचे लोखंडी टाळ, कराकेब. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचं हे संगीत. त्यांची 'लिला' रात्रभर चालते, आपल्या जागरणासारखी. पण गेंब्रीचा खर्ज छोट्या स्पीकरवर येत नाही आणि नुसता लोखंडाचा खणखणाट उरतो. मी स्पीकर तेलाच्या रिकाम्या पिप्यात ठेवून पाहिला. गेंब्री आली, पण पिपाही सोबत वाजू लागला. मोठा बॉक्स असेल तरच ग्नावा.

मोठा बॉक्स नसेल आणि माणसं जमणार असतील तर सहारातल्या तुआरेग लोकांची इमझाद लावा. भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडं, घोड्याच्या केसांची एकच तार, आणि वाजवणार फक्त बायका. वाळवंटात ते चहाची तीच पत्ती तीनदा उकळतात आणि प्रत्येक फेरीला चहा सौम्य होत जातो, म्हणजे बैठक घाईने उठत नाही. शेजारच्या काकाजींनी ती ऐकली आणि म्हणाले, "हे तं आपल्या किंगरीवाल्यावानी वाजून रायलं." माझ्या मते पूर्ण यादीत आपल्या अंगणाला सगळ्यात जवळचं हेच.

आसामचा झुमूरही आहे. मध्य भारतातून मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशजांची ही मादळ या ढोलावरची गाणी, पण त्यात पाय थिरकतात आणि चहा बाजूला राहतो.

मावसभाऊ एकटा राहत नाही, त्याच्या ओट्यावर संध्याकाळी चार जण हमखास असतात आणि स्पीकर तळहाताएवढा आहे. मी त्याला वेसेल आणि इमझाद पाठवले. गुचिन पाठवलं नाही. लाईनची वेळ बदलून पहाटेची झाली की तो स्वतःच मागेल.