श्रम अभ्यास पदविका आणि पायाभूत गणित: एका सत्रानंतरचा अनुभव, आणि भागायचं २६ नेच!

पुनर्मूल्यांकनाचा निकाल काल हातात आला, म्हणून आज लिहायला बसलो. दूरशिक्षण, रविवारची संपर्कसत्रं, स्वाध्याय हे सगळ्यांच्या माहितीचं आहे, ते सोडतो.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ हेच रोजचं काम. प्रवेश घेतला तो कायद्यासाठी. गणित सक्तीचं होतं आणि त्याची वेगळी फी भरताना जिवावर आलं होतं. कामगार चळवळीच्या इतिहासानं मात्र पहिल्याच सत्रात पकड घेतली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. मॅडमनी हे इतकं जीव ओतून शिकवलं की जेवणाच्या सुट्टीत कुणी उठेना.

आता भांडणाकडे येतो. गणिताच्या स्वाध्यायात ग्रॅच्युइटीचं (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार) उदाहरण होतं: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये, नोकरी २० वर्षं. मी महिन्याच्या पगाराला २६ ने भागलं. रोजचे ७०० रुपये, १५ दिवसांचे १०,५००, वीस वर्षांचे २,१०,०००. तपासनिसानं लाल रेघ मारून ३० ने भागलं आणि १,८२,००० लिहिलं. म्हणजे कामगाराचे २८,००० रुपये एका रेघेत गेले! महिन्यातल्या चार साप्ताहिक सुट्ट्या वजा जाऊन २६ उरतात. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात हाच हिशेब मान्य केला आणि १९८७ च्या दुरुस्तीनं तो कायद्यातच लिहिला गेला. त्याच विद्यापीठाच्या कायद्याच्या पुस्तकात २६ छापलंय. दोन्ही विभाग एकमेकांची पुस्तकं उघडून बघत नाहीत का?

केंद्रावर सांगितलं तर उत्तर मिळालं, 'गुण अंतिम असतात, अर्ज करा.' पुनर्मूल्यांकनाची फी भरली, कायद्याच्या पानाची झेरॉक्स जोडली. गुण वाढले, फी मात्र परत नाही. चूक त्यांची आणि भुर्दंड माझ्या खिशाला, हे मला मान्य नाही.

एवढं होऊनही सत्र संपताना माझी पसंती गणिताकडे झुकली आहे, आणि ती निर्देशांकाच्या प्रकरणामुळे. महागाई मोजणारा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आता २०१६ हे आधारवर्ष (२०१६ = १००) धरून येतो. २००१ च्या मालिकेशी सांधायचा तर २.८८ ने गुणायचं. म्हणजे नव्या मालिकेतला १४० हा जुन्या हिशेबात ४०३.२. जुन्या आधारवर्षावर झालेल्या करारात महागाई भत्ता काढताना हा गुणक चुकला की सगळ्या खात्याचा पगार चुकतो. गणिताच्या सरांनी ते फळ्यावर तीनदा करून घेतलं. आमच्याकडे हा आकडा वर्षानुवर्षं एक्सेलच्या एका खान्यात बसलेला आहे. तो कुठून आला हे मला या वर्गात कळलं.

कायद्याचं पुस्तक मात्र जुनं. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तरी धडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यावरच. वर जोडलेली पुरवणी म्हणजे अंधुक झेरॉक्स. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरायची, हे महत्त्वाचं कलम त्यात दोन ओळींत उरकलंय. एकूण ३०,००० आणि भत्ते १८,००० असतील तर ३,००० वेतनात जातात. एवढं एक उदाहरण दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

प्रवेश घेणाऱ्यांनी गाइडवर पैसे घालवू नयेत. संहिता सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्या उतरवून घ्या. स्वाध्यायाची प्रत स्वतःजवळ ठेवा. फी परतीचा अर्ज मी दिला आहे आणि पुढच्या सत्राची फीही भरली आहे.