इन्व्हर्टर एसी, आर-३२ गॅसवाला: मशीन छान आहे, पण गॅसबद्दल कोणी काही सांगत नाही

जुना एसी बंद पडला म्हणून नवीन दीड टनाचा इन्व्हर्टर घेतला, अख्खा उन्हाळा वापरून झाला आणि आता लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही कारण जे सांगायचंय ते सगळ्याच कंपन्यांच्या मशीनला लागू आहे.

कूलिंगला नाव ठेवायला जागा नाही. जुना एसी फुल स्पीडने चालायचा, मग खटकन बंद, परत चालू, रात्रभर तेच. यात कंप्रेसरचा स्पीड कमी-जास्त होत राहतो त्यामुळे रूम एकदा थंड झाली की तो अगदी हळू चालतो, आवाज जवळपास नाहीच आणि वीज खरंच कमी लागते. मी २६ वर ठेवतो आणि सोबत पंखा लावतो, तेवढं पुरतं. सेटिंग एक डिग्री वर नेलं की साधारण ५-६ टक्के वीज वाचते, त्यामुळे १८ वर लावून वर चादर ओढून झोपायचं हे मला पटतच नाही.

विजेचं एवढं लावून धरतोय कारण जगात एसी आणि पंखे मिळूनच एकूण विजेच्या १० टक्क्यांच्या आसपास वीज खातात, आणि कोळशावर एक युनिट वीज बनवायची तर जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेत हा वायू २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) होता, आता ४२० च्या वर गेलाय, आणि २०२४ हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं. म्हणजे गरम होतं म्हणून आपण एसी लावतो आणि एसी लावतो म्हणून अजून गरम होतं. त्यात हवा एक डिग्री तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे दमटपणा वाढतो, तो काढायलाही कंप्रेसरलाच राबावं लागतं. आणि ज्यांच्याकडे एसी नाही, दिवसभर उन्हात काम आहे, त्यांचं काय, हा विचार मला तरी सोडत नाही.

आता गॅस. दुकानात सगळे स्टारबद्दल बोलतात, स्टार म्हणजे फक्त वीज. आत कुठला गॅस आहे ते आउटडोअर युनिटच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते वाचा. जुन्या एसीमधला आर-२२ ओझोनचा थर खराब करायचा म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद होत गेला, त्याच्या जागी आर-४१०ए आला, त्याने ओझोनला काही होत नाही पण एक किलो हवेत गेला तर तो २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. जवळपास ९०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं आहे हे! आर-३२ चा आकडा ६७५ आहे, म्हणजे बराच बरा पण निर्दोष नाही. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, त्याचा आकडा फक्त ३ च्या आसपास, पण तो पेट घेतो म्हणून मशीनमध्ये किती भरायचा यावर मर्यादा असते. आर-४१०ए, आर-३२ सारख्या गॅसचा वापर कमी करायचा म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला देशांनी करार केला, तो नीट पाळला तर शतक संपेपर्यंत अर्ध्या डिग्रीपर्यंत तापमानवाढ टळू शकते. एका करारातून एवढं होणार असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे.

म्हणूनच फिटिंगच्या सर्व्हिसवर माझा खरा राग आहे. जुना एसी काढायला जो माणूस पाठवला होता त्याने सरळ पाइपचा नट सैल केला आणि फुस्स करून सगळा गॅस हवेत सोडला. मी विचारलं तर म्हणे "जुनाच तर आहे, काय करायचाय". अहो पण पंप डाउन नावाचा प्रकार असतो, एक व्हॉल्व्ह बंद करून एसी थोडा वेळ चालवायचा, गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद. कंप्रेसर बंद पडलेला असेल तर हे जमत नाही, तेव्हा रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. ते मशीन त्याच्याकडे नव्हतंच. त्या माणसाचीही पूर्ण चूक म्हणणार नाही, त्याला कोणी शिकवलंच नसेल आणि त्याला दिवसात अजून चार घरं करायची असतात, पण सर्व्हिस देणाऱ्यांनी त्याला सामान द्यायला पाहिजे की नको?

तसंच दर वर्षी "गॅस कमी झालाय, भरून देतो" म्हणतात त्यांना आधी लीक शोधायला लावा. बंद सिस्टिममधला गॅस संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, नुसता वरून भरला तर तोही हवेतच जाणार.

एक मात्र नक्की करा, एसी घ्यायच्या आधी खिडकीला बाहेरून सावली होईल असं काहीतरी लावा आणि गच्ची तुमची असेल तर पांढरा रंग मारा. मी खिडकीचं केल्यावर दुपारी एसी उशिरा लावावा लागतो.

मशीनला ५ पैकी ४ स्टार, फिटिंगला १. ऑर्डर देतानाच विचारून घ्या की जुन्यातला गॅस काढून घेणार का, नाही म्हणाले तर दुसरा माणूस बघा.